तेरा सेकंद आणि दहा वर्षे

ब्राझीलचा लढवय्या जोझे आल्दो याचे नाव निघाले की क्रीडारसिक एकच आकडा सांगतात. तेरा सेकंद! १२ डिसेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लास वेगास शहरात आयर्लंडच्या कोनर मॅकग्रेगरने डाव्या हाताचा ठोसा त्याच्या जबड्यावर मारला, आल्दो कोसळला आणि पंचाने लढत थांबवली. घड्याळात तेरा सेकंद झाले होते. त्याआधी दहा वर्षे हा माणूस हरला नव्हता. सलग अठरा लढती त्याने जिंकल्या होत्या. ती दहा वर्षे फारशी कोणाच्या ध्यानात नाहीत, तेरा सेकंद मात्र सर्वांना पाठ आहेत. गरिबाघरच्या माणसाचा इतिहास असाच लिहिला जातो. त्याचे चढणे हा अपघात ठरतो आणि पडणे ही त्याची लायकी ठरते. म्हणूनच त्या दहा वर्षांचा आणि त्यानंतरच्या दहा वर्षांचा हिशेब मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

आल्दोचा जन्म ९ सप्टेंबर १९८६ चा, अॅमेझॉनच्या जंगलातील मनाउस शहरातला. हे शहर रबराच्या पैशावर मोठे झाले. रबराच्या श्रीमंतीत तेथे १८९६ साली एक भव्य नाट्यगृह उघडले गेले. त्याच काळात जंगलात झाडांचा चीक गोळा करणारा मजूर मालकाच्या दुकानातील उधारीत अडकलेला होता. देणे फिटल्याशिवाय त्याला जागा सोडता येत नसे आणि देणे कधी फिटत नसे. वेठबिगारी म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा शहरात एका गवंड्याच्या घरी हा मुलगा वाढला. तान्हेपणी तापलेल्या शेगडीवर पडल्याने त्याचा डावा गाल भाजला. तो व्रण आजही त्याच्या चेहऱ्यावर आहे. त्याला व्हायचे होते फुटबॉलपटू, पण तो वळला कापोएराकडे. कापोएरा ही आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांची, नाचासारखी दिसणारी लढण्याची कला. ब्राझीलने गुलामगिरी रद्द केली १३ मे १८८८ रोजी, म्हणजे अमेरिका खंडातील सर्व देशांच्या शेवटी. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९० च्या दंडसंहितेने कापोएरा खेळणे हा गुन्हा ठरवला. माणूस कागदावर मोकळा झाला, पण त्याच्या अंगातील कला गुन्हेगार ठरली! ही बंदी उठायला १९३० चे दशक उजाडावे लागले.

कापोएराकडून आल्दो जुजुत्सूकडे गेला आणि सतरा-अठरा वर्षांचा असताना, अंगावरच्या कपड्यांखेरीज फारसे काही न घेता, रिओ द जानेरोला पोहोचला. तेथे त्याला आसरा मिळाला आंद्रे पेदेर्नेरास यांच्या आखाड्यात. दिवसा ज्या गाद्यांवर सराव, रात्री त्याच गाद्यांवर झोप. कधी जेवण मिळे, कधी सोबतीच्या मुलांनी दिलेल्या घासावर दिवस निघे. या आखाड्याचे नाव आहे ‘नोव्हा युनियाओ’, म्हणजे नवी एकजूट. १९९५ साली पेदेर्नेरास आणि वेंडेल अलेक्झांडर या दोन गुरूंनी आपले गट एकत्र करून तो उभारला. जुजुत्सूवर तोवर रिओच्या प्रतिष्ठित घराण्याची छाप होती. फी आणि जाडजूड पोशाखाचा खर्च ज्याला परवडेल त्याचा हा खेळ. अशा ठिकाणी एका कफल्लक पोराला दार उघडे मिळाले, म्हणून पुढचे सारे घडले. गुणवत्ता जन्मजात असते असे सांगणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. गुणवत्तेला आधी झोपायला जागा लागते आणि पोटाला भाकरी लागते.

ऑगस्ट २००४ मध्ये आल्दो पहिली व्यावसायिक लढत लढला. नोव्हेंबर २००५ मध्ये एकदा हरला. त्यानंतर मात्र जिंकतच गेला. जून २००९ मध्ये कब स्वॉन्सनला त्याने आठ सेकंदांत उडत्या गुडघ्याने लोळवले. १८ नोव्हेंबर २००९ रोजी माइक ब्राउनला हरवून तो आपल्या वजनगटाचा विजेता झाला. एप्रिल २०१० मध्ये युराया फेबरच्या मांडीवर त्याने अशा लाथा घातल्या की, त्या लढवय्याला पुढे नीट उभे राहता येईना. नोव्हेंबर २०१० मध्ये ‘यूएफसी’ या अमेरिकन कंपनीने हा वजनगट आपल्याकडे घेतला तेव्हा तिचा पहिला विजेता आल्दोच होता. त्याने हे पद सात वेळा राखले. १४ जानेवारी २०१२ रोजी रिओमध्ये चॅड मेंडेसला पहिल्या फेरीचा एक सेकंद उरला असताना गारद करून तो पिंजऱ्यातून थेट प्रेक्षकांत धावत गेला आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. ते लोक त्याचे होते आणि तो त्यांचा होता.

आता या खेळाच्या मालकीकडे पाहू. २००१ साली ‘यूएफसी’ सुमारे वीस लाख डॉलरला विकत घेतली गेली. २०१६ साली ती सुमारे चार अब्ज डॉलरला विकली गेली. ही वाढ कोणाच्या घामातून आणि रक्तातून झाली? पिंजऱ्यात उतरणाऱ्यांच्या. पण कंपनीच्या लेखी लढवय्या हा कामगारच नाही, तो ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहे. त्याची मान्यताप्राप्त संघटना नाही. डिसेंबर २०१४ मध्ये काही लढवय्ये न्यायालयात गेले. त्या खटल्यातून पुढे आले की, कंपनीच्या उत्पन्नातील जेमतेम पाचवा हिस्सा लढणाऱ्यांना मिळतो. अमेरिकेतील बास्केटबॉल आणि फुटबॉलच्या मोठ्या संघटित खेळांत हाच हिस्सा निम्म्याच्या आसपास आहे. आणखी एक कलम पुढे आले. लढवय्या विजेता झाला की त्याचा करार आपोआप लांबतो. म्हणजे जो सर्वांत वर पोहोचतो, त्यालाच बाहेर पडणे सर्वांत कठीण! मनाउसच्या जंगलातील चीक गोळा करणाऱ्याला ही युक्ती परकी वाटली नसती.

आल्दो या विषयावर गप्प राहिला नाही. लढणाऱ्यांना त्यांच्या श्रमाच्या मानाने फार कमी मिळते, हे तो विजेतेपदावर असताना उघडपणे बोलला. मालकाला असा विजेता आवडत नाही.

२०१५ साली आल्दो आणि मॅकग्रेगर यांच्या लढतीसाठी देशोदेशी प्रचाराचा दौरा निघाला. त्या काळात मॅकग्रेगर म्हणाला की, जुना काळ असता तर आपण घोड्यावर बसून आल्दोच्या फवेलावर चालून गेलो असतो आणि जे कामाच्या लायकीचे नाहीत त्यांना ठार केले असते. फवेला म्हणजे रिओच्या टेकड्यांवरील गरिबांच्या वस्त्या. त्यांची सुरुवात १८९७ च्या सुमारास झाली. युद्धावरून परतलेल्या, घर न मिळालेल्या सैनिकांनी आणि गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांनी त्या वसवल्या. त्या वस्तीवर घोडेस्वारी करून कामाची आणि बिनकामाची माणसे निवडायची, ही भाषा गुलामांच्या मालकाची आहे. ती विनोद म्हणून खपली. डब्लिनच्या कार्यक्रमात मॅकग्रेगरने आल्दोच्या पुढ्यातील पट्टा हिसकावून घेतला, तेही जगभर दाखवले गेले. अपमान हाच माल झाला आणि त्यावर तिकिटे विकली गेली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मॅकग्रेगर हा काही सरदारपुत्र नव्हता. डब्लिनच्या कष्टकरी वस्तीतील हा पोरगा नळजोडणीचे काम शिकला होता आणि ‘यूएफसी’त येण्याआधी सरकारी भत्त्यावर दिवस काढत होता. त्याचा देश शतकानुशतके इंग्रजांच्या टाचेखाली होता. अशा माणसाच्या तोंडी मालकाची भाषा यावी, हीच व्यवस्थेची करामत आहे. एका गरिबाला दुसऱ्या गरिबाच्या छातीवर उभे केले की, दोघांच्याही खिशात हात घालणारा दिसेनासा होतो. उतरंडीत राहिलेल्या समाजाला हे नव्याने शिकवायला नको.

मग ते तेरा सेकंद झाले. आल्दो चिडून पुढे धावला आणि ठोशावर गेला, असे जाणकार सांगतात. ते खरेच आहे. पण त्याचा राग पिकवण्यासाठी किती महिने खर्ची घातले गेले, हेही सांगायला हवे. जुलै २०१६ मध्ये फ्रँकी एडगरला हरवून आल्दो पुन्हा उभा राहिला. ते अंतरिम विजेतेपद होते. मॅकग्रेगरशी पुन्हा लढण्याचा त्याचा हक्क असताना कंपनीने मॅकग्रेगरला दुसऱ्या वजनगटातील मोठ्या कमाईची लढत दिली. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये आल्दोने करारातून मुक्त करण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही. नोव्हेंबरमध्ये रिकाम्या झालेल्या पदावर त्याचे नाव लावले गेले.

काम सोडण्याचा हक्क नसेल तर कामगार आणि गुलाम यांत फरक काय? हा प्रश्न आमच्यासाठी नवा नाही. १९३८ साली मुंबई प्रांताच्या सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणून संपाला गुन्हा ठरवू पाहिले, तेव्हा बाबासाहेब आंबेडकर विधिमंडळात त्याविरुद्ध उभे राहिले आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांसह मुंबईत एक दिवसाचा संप केला. संपाचा हक्क हा माणसाच्या स्वातंत्र्याचाच हक्क आहे, हे त्यांनी बजावले. आल्दो एकटा होता. त्याच्या पाठीशी पक्ष नव्हता, संघटना नव्हती. एकट्याने केलेल्या बंडाला मालक रुसवा म्हणतात.

पुढची वर्षे कठीण गेली. जून २०१७ मध्ये आपल्याच रिओत आणि डिसेंबरमध्ये डेट्रॉइटला तो मॅक्स हॉलोवेकडून हरला. लोकांनी त्याला निकालात काढले. जुलै २०१८ मध्ये जेरेमी स्टीव्हन्सला हरवल्यावर हा माणूस पिंजऱ्यात ओक्साबोक्शी रडला. तिशी उलटल्यावर त्याने आणखी वजन उतरवून खालच्या गटात प्रवेश केला. जुलै २०२० मध्ये तेथील विजेतेपदाची लढत तो हरला आणि त्यानंतर ओळीने तीन नामवंतांना हरवले. सप्टेंबर २०२२ मध्ये निवृत्ती, मग मुष्टियुद्ध, २०२३ मध्ये कंपनीच्या मानाच्या यादीत नाव. मे २०२४ मध्ये रिओत तो परतला आणि जिंकला. १० मे २०२५ रोजी माँट्रियलमध्ये हरल्यावर, अडतिसाव्या वर्षी, त्याने हातमोजे उतरवले. एकूण बत्तीस विजय आणि दहा पराभव.

त्या खटल्यात अखेर ३७.५ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती मंजूर केली. २०१० ते २०१७ या काळात लढलेल्यांना त्यातून वाटा मिळणार आहे. मालक खुशीने एक पैसाही देत नाही. लढवय्ये एकत्र येऊन न्यायालयाची पायरी चढले, तेव्हाच पैसा बाहेर आला. पिंजऱ्यात ज्यांनी एकमेकांची हाडे मोडली, ते एका अर्जाखाली सह्या करू शकले, ही आमच्या मते कोणत्याही ठोशापेक्षा मोठी बातमी आहे.

संघटना मात्र अजूनही झालेली नाही. जोझे आल्दोला जिने घडवले ती ‘नवी एकजूट’ रिओच्या एका आखाड्यापुरती होती. ती पिंजऱ्यापर्यंत पोहोचली असती, तर त्याच्या कारकिर्दीचा हिशेब तेरा सेकंदांत मांडण्याची कोणाची हिंमत झाली नसती.