पाणी जड होतं तेव्हा : थंडीतला डोंगा, जाळं आणि एक अनुमान

गेल्या खेपेला 'डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे आग आहे' हे न्यायशास्त्रातलं ठरलेलं उदाहरण आम्ही घेतलं होतं. तेव्हा मागून एक मुलगा म्हणाला, "सर, आपल्या इकडचं काही सांगा ना." म्हणून आज रिद्धपुराच्या आसपासच राहू.

आपलं गाव दोन खोऱ्यांच्या उंबरठ्यावर आहे. इथल्या परिसरात उगवणारी पेढी पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि ते पाणी अरबी समुद्रात जातं. पूर्वेकडची वर्धा मात्र प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागरात. या वर्धेवर सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरण आहे. अमरावती शहर त्याचंच पाणी पितं.

एकदा थंडीच्या लाटेत आम्ही भल्या पहाटे अशाच एका जलाशयाच्या काठावर होतो. थंडीची लाट हा नुसता बोलण्यातला शब्द नाही, बरं का. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी, असा हवामान खात्याचा निकष आहे. डोंगा काठाला लावत एक म्हातारे भोई म्हणाले, "आज काई गवसलं नाई, भाऊ. थंडीनं पाणी जड होते, मासोया खाली बसते."

आम्हाला वाटलं, ही बोलण्याची रीत असेल. पण हिशेब करून बघा. एक घनमीटर पाणी ३० अंशांना सुमारे ९९५.७ किलो भरतं, २० अंशांना ९९८.२ किलो. म्हणजे थंड पाणी खरंच जड. रात्री वरचा थर गार होतो, खाली बसतो, खालचं कोमट पाणी वर येतं. पाणी ४ अंशांपर्यंत असं जड होत जातं. आपल्याकडे जलाशय इतका गार होतच नाही, म्हणून हे ढवळणं चालू राहतं.

आता मासा. त्याच्या अंगाची ऊब पाण्याइतकीच. पाणी १० अंशांनी उतरलं, की त्याच्या शरीराचा व्यवहार साधारण निम्म्यावर येतो. भूक मंदावते, हालचाल कमी होते. रोहू, कटला खोल, संथ पाण्यात राहतात. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, त्यामुळे श्वासासाठी वर यायची गरजही कमी. म्हणून पहाटे गरी टाकून बसण्यापेक्षा ऊन चढल्यावर, दुपारी, उथळ काठाशी बसलेलं बरं. जाळं मात्र खोल सोडावं लागतं.

आणि आता ते अनुमान. पहाटे पाण्यावरून वाफ निघताना दिसते. दुरून धूरच वाटावा. धुकं की धूर हा संशय असताना आग मानणं, याला जुने नैयायिक सदोष हेतू म्हणत. आपल्या लोकांची चूक थोडी वेगळी आहे. वाफ पाहून ते म्हणतात, "पाणी कोमट आहे." हे खरं, हवा ८ अंश आणि पाणी २० अंश असेल तर पाणी कोमटच लागणार. पण पुढे म्हणतात, "म्हणजे पडलो तरी काही होत नाही." हे मात्र त्यातून निघत नाही.

का? पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं अंगातली ऊब काढून घेतं. २५ अंशांखालच्या पाण्यात एकदम पडलं, तरी दम लागून मोठा श्वास घेतला जाऊ शकतो. पाणी जितकं गार, तितका तो झटका मोठा. तो श्वास तोंड पाण्याखाली असताना आला, तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. म्हणून पहिला मिनिटभर हातपाय मारायचे नाहीत. डोंगा धरायचा, तोंड वर ठेवायचं, श्वास ताब्यात येऊ द्यायचा. अंगाभोवती चादर गुंडाळून वल्हं मारू नये. स्वेटर घालावा आणि त्यावर जीवरक्षक जाकीट. डोंग्यात उभं राहून जाळं ओढू नये.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी याच वर्धा नदीत, वरुड तालुक्यातल्या झुंज इथे नाव उलटली आणि ११ जण गेले. तेव्हा थंडीही नव्हती. थंडीत तर सावरायला वेळ आणखी कमी.

व्याख्यानाआधी एका आजींनी विचारलं, "म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं त्या गावात मासेमारीवर कशाला बोलता?" प्रश्न रास्त आहे. सशाला अभय देणाऱ्या चक्रधरस्वामींची लीळा आम्हीही विसरलेलो नाही. मासे धरावेत की नाही, यावर पुढल्या वेळी जरूर वाद घालू. पण पोटासाठी पहाटे पाण्यावर जाणारा माणूसही जीवच आहे. तो घरी परत यावा, एवढ्यापुरतं आपलं एकमत असायला हरकत नाही.