फुकटचा टीव्ही आग्नेयेला गेला

लहरींचा हिशेब : लेखांक ९

टिटवाळ्याला कसारा लोकल जरा रिकामी होते आणि दारात उभं राहायला जागा मिळते. तिथून खडवली येईपर्यंत रुळांच्या दोन्ही अंगांच्या छपरांकडे बघत राहावं. पत्रा, कौल, मध्येच एखादा स्लॅब, आणि बऱ्याच छपरांवर छत्री. महिन्याला पैसे भरणाऱ्यांच्या छत्र्यांची तोंडं थोडी इकडेतिकडे असतात. कुणाची दक्षिणेकडे कललेली, कुणाची पूर्वेकडे. ज्या कंपनीचा उपग्रह जिथे, तिथे तिचं तोंड. दूरदर्शनच्या फुकट फ्री डिशची छत्री मात्र नेमका आग्नेय कोपरा धरून असते. ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या सुमारे ३६ हजार किलोमीटर वर जीसॅट-१५ उभा आहे, त्याच्याकडे ती बघते. खडवलीतून तो क्षितिजाच्या साधारण ५७ अंश वर येतो. छत्री तेवढी वर बघतेय असं वाटत नाही, कारण तिची वाटी मुद्दाम तिरकी घडवलेली असते. पहिल्यांदा बसवणारा हमखास इथेच फसतो आणि अर्धा दिवस छपरावर काढतो.

ऐंशीच्या दशकात याच गावात छपरावरच्या अँटेन्याचं तोंड नैर्ऋत्येला होतं. वरळीच्या दूरदर्शन मनोऱ्याकडे. मधल्या काळात फुकटच्या टीव्हीने आपली दिशा नव्वद अंशांनी बदलली आणि त्याबरोबर त्याचा मालक, त्याचा हिशेब आणि त्याची भाषाही थोडी थोडी बदलली. मागच्या भागात आपण आकाशवाणीच्या मध्यम लहरींचं काय झालं ते पाहिलं. या आठवड्यात टीव्हीचं बघू.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, दिल्लीच्या प्रायोगिक प्रक्षेपणानंतर तेरा वर्षांनी. पुढच्या वर्षी सिंहगडावरचं केंद्र उभं राहिलं आणि पुण्याला मुंबईचं चित्र दिसू लागलं. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच. एवढ्या उंचीवरून निघालेली लहर सपाट जमिनीवर ७० किलोमीटरच्या आसपास पोचते, पुढे पृथ्वीची गोलाई आडवी येते. खडवली सरळ रेषेत ५५ ते ६० किलोमीटर. म्हणजे कागदावर गाव टप्प्यात येतं. पण नकाशावर वरळी आणि खडवली पट्टीने जोडून पाहा. रेघ बरोबर अर्ध्यावर मुंब्र्याच्या डोंगरावरून जाते.

या डोंगरामुळे खडवलीला कधी थेट वरळी ‘दिसलं’ नाही. जे दिसलं ते डोंगराच्या माथ्यावरून वाकून आलेलं. मुंबई दूरदर्शनचा पहिला चॅनेल खालच्या पट्टीत, ६५ मेगाहर्ट्झच्या जवळपास होता. लहरीची लांबी साडेचार मीटरच्या वर. लांब लहर अडथळ्यावरून जास्त वाकते आणि पलीकडच्या सावलीत थोडीफार उतरते. अँटेना एवढा आडमाप असायचा तोही याच कारणाने. त्याच्या मुख्य नळीची लांबी लहरीच्या निम्मी लागते, म्हणजे दोन मीटरहून जास्त. जीआय पाइप, त्याला तारेचे ताण, वर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, खाली घरात शिरणारी चपटी पट्टी वायर, आणि ज्याची ऐपत असेल त्याच्याकडे बूस्टर. छपरावरून ‘आलं का?’ आणि खालून ‘मुंग्याच आहेत अजून, जरा कल्याणकडे फिरव’ हा संवाद ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेला घरोघर ऐकू यायचा. त्यात बसल्या जागी भौतिकशास्त्राचा धडा होता: दोन अंश फिरवलं की स्मिता पाटील किंवा भक्ती बर्वे बातम्या देताना स्पष्ट दिसायची, चार अंश फिरवलं की नुसता आवाज उरायचा.

त्या टीव्हीला फुकट म्हणायचं, पण सुरुवातीला तो अगदी फुकट नव्हता. रेडिओसारखंच टीव्हीचंही लायसन्स असे आणि ते पोस्टात जाऊन भरावं लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ते गेलं. त्यानंतरची काही वर्षं खऱ्या अर्थाने फुकटची. संच घेतला, पाइप उभारला, संपलं. कोण बघतंय, कुठे बघतंय, किती वेळ बघतंय याची नोंद कुठेच नाही. ही गोष्ट तेव्हा कुणाला विशेष वाटली नाही. आज मोबाइलवर साधी बातमी उघडायलाही नंबर द्यावा लागतो, तेव्हा तिची किंमत कळते.

मनोरा कसा मावळला ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात नाट्य फारसं नाही. नव्वदीत केबल आली. २०१२ च्या अखेरीस मुंबईत आणि २०१३ मध्ये कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरांत केबलला सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. अँटेन्यावर बघणारे शहरात उरलेच नाहीत. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने जाहीर केलं की अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद करत आणले आहेत, आणि मोक्याच्या ठिकाणचे पन्नासेक वगळता उरलेले ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. वर्षाला सुमारे १०० कोटी रुपये वाचतील असा हिशेब त्यासोबत होता. मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपणाचा प्रयोगही झाला. २०१६ मध्ये मुंबई आणि औरंगाबादसह सोळा शहरांत दूरदर्शनने तो सुरू केला. मात्र तो पकडणारे संच दुकानातच नव्हते, आणि पकडला तरी वाहिन्या फक्त दूरदर्शनच्या. दूरसंचार नियामक ट्रायने २०१७ मध्ये खासगी कंपन्यांनाही मनोऱ्यावर जागा द्यावी अशी शिफारस केली, पण ती फळाला आली नाही.

खरी कथा आग्नेयेच्या छत्रीची आहे.

डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ती २००४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. ३३ वाहिन्या, मासिक वर्गणी नाही, एकदाच छत्री आणि बॉक्सचा खर्च. पुढे तिचं नाव डीडी फ्री डिश झालं. आज ती ४ कोटींहून अधिक घरांत आहे. ही घरं कोणती, ते खडवलीच्या आसपास फिरलं तर समजतं. भातसेच्या काठचे पाडे, शहापूर-मुरबाडकडची कातकरी-ठाकूर वस्ती, हंगामापुरतं वीटभट्टीवर राहायला आलेलं कुटुंब. या कुटुंबाला पत्ता नसतो, महिन्याचं ठरलेलं उत्पन्न नसतं, पण चार विटांवर छत्री टेकवून टीव्ही लावता येतो. २०१९ मध्ये नवे केबल दर आले तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांच्या नुसत्या जोडणीला करासह १५३ रुपये महिना झाला, सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. मजुरीच्या घरात हा आकडा छोटा नाही. भट्टी बंद असते त्या महिन्यांत तर नाहीच.

पावसाचा त्रास मात्र आहे. उपग्रहाची लहर अडीच सेंटीमीटरची. आषाढात भातसा दुथडी भरून वाहू लागते तेव्हा पावसाची सर ती वाटेतच गिळते आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. वरळीच्या लांब लहरीला पाऊस असा अडवत नसे. तिचे शत्रू वारा आणि अँटेन्यावर बसणारे कावळे. शिवाय जुन्या चित्रात मुंग्या वाढत गेल्या तरी काहीतरी दिसत राहायचं. डिजिटल चित्र एक तर स्वच्छ असतं, नाही तर अजिबात नसतं. पुराची बातमी नेमकी हवी असते तेव्हा हा फरक जाणवतो.

आता पैसे कोण देतं? छत्रीवाला देत नाही, म्हणजे दुसरं कुणीतरी देतं. फ्री डिशवरच्या जागांचा प्रसार भारती लिलाव करते. खासगी वाहिनी जागा घेते, प्रसार भारतीला शेकडो कोटी मिळतात, आणि वाहिनी जाहिरातींतून आपली वसुली करते. साबण, चहा, बिस्किटं विकणाऱ्यांना हीच ४ कोटी घरं हवी असतात. बाजार सुरळीत चालतो तोपर्यंत व्यवस्था छान आहे. तो फिरला की काय होतं ते २०१९ च्या मार्चमध्ये दिसलं. झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल, रिश्ते या वाहिन्या एकदम फ्री डिशवरून उतरल्या. आपला माल इथे फुकट दिसत असेल तर पैसे भरून कोण घेणार, असा त्यांच्या मालकांचा हिशेब. वर्षभराने, २०२० मध्ये, त्या परत आल्या, कारण जाहिरातीचं उत्पन्न घटलं होतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये पुन्हा गेल्या. या जाण्यायेण्यात वीटभट्टीवरच्या प्रेक्षकाला कुणी विचारलं नाही, आणि विचारण्याची सोयही नाही, कारण तो कुणाचा ग्राहकच नाही.

लिलावातल्या जागांचे भाषा आणि प्रकारानुसार गट असतात. हिंदी मनोरंजनाची बोली सगळ्यांत वरून सुरू होते, कारण तिथे देशभरचा प्रेक्षक. मराठीसाठी दूरदर्शनची सह्याद्री आहे, १९९४ पासूनची. शिवाय फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा अशा वाहिन्यांनी फ्री डिशची वाट धरली. पण ज्या मालिकांवर कल्याण-डोंबिवलीत लोकलमध्ये चर्चा होते, त्या दाखवणाऱ्या मोठ्या मराठी वाहिन्यांसाठी पैसे मोजावे लागतात. म्हणून फुकट टीव्ही बघणाऱ्या पाड्यावरची मुलं हिंदी मालिका बघून मोठी होताहेत. ही तक्रार मराठीच्या अस्मितेची नाही, साध्या सोयीची आहे. हवामानाचा इशारा, भाताचा भाव, धरणातून पाणी सोडल्याची सूचना ज्या भाषेत हवी, त्या भाषेतली वाहिनी सह्याद्री एकटीच असेल तर तिच्याकडे पैसा आणि माणसं हवीत.

इथे एका निकालाची आठवण करून द्यायला हवी. १९९३ च्या हिरो कपचं प्रक्षेपण कुणी करायचं यावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना कोर्टात गेली. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. तो निकाल बहुतेक वेळा खासगी वाहिन्यांचं दार उघडणारा म्हणून सांगितला जातो. त्याचा दुसरा अर्धा भाग मागे पडला: मालमत्ता जनतेची असेल तर तिचा लाभ जनतेपर्यंत पोचतोय ना, हे पाहणं कुणाचं तरी काम आहे. क्रिकेटच्या बाबतीत संसदेने हे काम अंशतः केलं. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र प्रसार भारतीला देणं बंधनकारक झालं. २०१७ मध्ये न्यायालयाने त्याची मर्यादा आखली: ते चित्र दूरदर्शनने आपल्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरून दाखवावं, केबलवाल्यांना देऊ नये. म्हणजे मनोरे गेल्यानंतर सामना फुकट बघण्याची कायदेशीर वाट मुख्यतः आग्नेयेच्या छत्रीतूनच जाते.

बाहेर काय चाललंय? स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकाने २०१९ मध्ये मनोऱ्यावरचा टीव्ही बंद करून टाकला. ब्रिटनमध्ये अँटेन्यावरच्या फुकट वाहिन्यांची किमान २०३४ पर्यंतची हमी आहे, आणि त्यापुढे काय यावर आताच चर्चा सुरू आहे. तिथे प्रश्न विचारला जातो की इंटरनेट नसलेल्या म्हातारीचं काय. आपल्याकडे फ्री डिश किती वर्षं चालवायची आणि तिच्यावर मराठीला किती जागा राखायची, याची अशी कुठलीही तारीखवार हमी नाही. २०२३ च्या जानेवारीत केंद्राने प्रसारणाच्या पायाभूत सोयींसाठी सुमारे २,५३९ कोटींची योजना मंजूर केली. तिच्यात दुर्गम, आदिवासी आणि सीमाभागांत ८ लाख फ्री डिश बॉक्स मोफत देण्याची तरतूद आहे. चांगलं आहे. पण बॉक्स देणं आणि त्या बॉक्सवर काय दिसेल याची हमी देणं या दोन वेगळ्या गोष्टी.

एक नवी आशा सध्या गाजते आहे: डायरेक्ट टू मोबाइल. मनोऱ्यावरून थेट फोनवर टीव्ही, डेटा न जाळता. आयआयटी कानपूर, बेंगळुरूची सांख्य लॅब्ज आणि प्रसार भारती यांनी त्यावर काम केलंय. त्यासाठी ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झचा पट्टा राखण्याचा विचार सरकारी अधिकाऱ्यांनी २०२४ मध्ये जाहीरपणे बोलून दाखवला. फोनमध्ये वेगळी चिप लागते, ती घालायला अनेक फोन कंपन्या राजी नव्हत्या, आणि डेटा विकणाऱ्या दूरसंचार कंपन्यांचा तर उघड विरोध आहे. खडवलीपुरती आणखी एक अडचण सांगतो. ही लहर साठेक सेंटीमीटरची, वरळीच्या जुन्या लहरीपेक्षा सात-आठपट आखूड. आखूड लहर डोंगरावरून तेवढी वाकत नाही. छपरावरच्या दोन मीटरच्या नळीला जे जमलं ते खिशातल्या फोनला जमणार नाही. वरळीहून सोडलं तर मुंब्र्याच्या डोंगराच्या अलीकडेच ते अडेल. कल्याणच्या बाजूला स्वतंत्र ट्रान्समीटर उभारल्याशिवाय ही योजना गावात पोचत नाही, आणि तो कोण उभारणार, कधी, हे कुणी बोलत नाही.

माझं मत विचाराल तर पुढची दहा वर्षं तरी खेड्यातला फुकटचा टीव्ही छत्रीवरच राहील. डायरेक्ट टू मोबाइल शहरात आधी येईल, आला तर. आणि फ्री डिश केवळ लिलावाच्या जोरावर ठेवली तर तिच्यावर मराठी उरेल ती एकट्या सह्याद्रीपुरती.

तोवर एक काम हाताशी आहे. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये उपग्रहाचा ट्यूनर आतच बसवलेल्या टीव्हीसाठी मानक ठरवलं आहे, आयएस १८११२. असा संच असला की वेगळा बॉक्स लागत नाही. छत्रीची वायर थेट संचात लावली की फुकटच्या वाहिन्या दिसतात. दुकानदार तो स्वतःहून दाखवत नाहीत, कारण गिऱ्हाईक विचारत नाही. दिवाळीला गावच्या घरासाठी टीव्ही घेणार असाल तर किंमत विचारायच्या आधी हे विचारा.

(पुढील आठवड्यात : केबलवाल्याची वायर आणि विजेचा खांब)