अडीच पळांचं मिनिट

बीडमध्ये घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्याची दुपार अजून व्हायची असते. माध्यान्ह होते सरासरी बारा वाजून २७ मिनिटांनी. फेब्रुवारीत बारा-चाळीसच्या आसपास, नोव्हेंबर लागताना बारा-अकराच्या सुमारास. १९०६ पासून आपली घड्याळं ८२½ अंश पूर्व रेखांशावरच्या सूर्याप्रमाणे चालतात आणि बीड आहे ७५¾ अंशांवर. मधे पावणेसात अंश. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटं लागतात, म्हणून ही सत्तावीस मिनिटं.

पंचांगाच्या मापात हाच हिशेब आणखी देखणा होतो. दिवसाच्या ६० घटका, घटकेची ६० पळं, पळाची ६० विपळं. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं. म्हणजे एका अंशाला बरोब्बर दहा पळं!

आणि रूपांतर किती सोपं! अडीच घटकांचा तास, अडीच पळांचं मिनिट, अडीच विपळांचा सेकंद. तासाच्या खाली आणि घटकेच्या खाली दोन्हीकडे साठानेच भाग पडतात, म्हणून एकच अडीचकी तिन्ही पायऱ्यांवर चालते. तिथीपुढे २० घटी ३५ पळं असा आकडा असेल, तर २० ला अडीचने भागून आठ तास, ३५ ला भागून चौदा मिनिटं. पंचांगातल्या घटका सूर्योदयापासून मोजायच्या. सूर्योदय साडेसहाचा असेल, तर तिथी संपते दुपारी २ वाजून ४४ मिनिटांनी.

घटका मोजायची कशी? घंगाळात पाणी, त्यावर तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. पाणी आत चढत जातं, वाटी जड होत होत बुडते, की घटका भरली. लग्नाचा मुहूर्त असाच साधत. सगळं मर्म त्या छिद्रात: ते केसभर मोठं झालं, तरी घटका तोकडी.

मला सर्वांत थक्क करतो तो मात्र नकाशा. आपल्या जुन्या ज्योतिर्विदांची शून्य रेखा, ग्रीनिचच्या कितीतरी आधीची, उज्जैनवरून जायची. उज्जैनचा रेखांशही सुमारे ७५¾! सूर्योदय अक्षांशामुळे मागेपुढे होईल, पण माध्यान्ह दोन्हीकडे जवळजवळ एकाच क्षणी. इतर गावांसाठी देशांतराचा, म्हणजे या रेषेपासूनच्या रेखांशातल्या फरकाचा, संस्कार करावा लागे. बीडला तो नावापुरताच.

परळी पाऊण अंश पूर्वेला, म्हणून तिथली माध्यान्ह बीडच्या साडेसात पळं आधी. आष्टीची सहाएक पळं नंतर.