बॉयलरचे ब्लोडाउन : कमी पडल्यास धोका, अधिक झाल्यास इंधनाचा अपव्यय

साखर कारखाना असो वा कापडाचे प्रक्रियागृह, बॉयलरमधून वाफ बाहेर पडते. पाण्यातील क्षार मात्र आतच साचत जातात. त्यांचे प्रमाण वाढल्यास पाण्याला फेस येतो आणि क्षारयुक्त थेंब वाफेसोबत यंत्रांपर्यंत पोहोचतात. हे टाळण्यासाठी बॉयलरमधील काही पाणी ठरावीक प्रमाणात बाहेर सोडले जाते. या प्रक्रियेस ‘ब्लोडाउन’ म्हणतात.

तळाचा गाळ काढण्यासाठी खालची झडप काही क्षण उघडली जाते. विरघळलेल्या क्षारांसाठी मात्र पाण्याच्या पातळीलगतून सतत थोडे पाणी सोडणे अधिक परिणामकारक ठरते.

बॉयलरला दिल्या जाणाऱ्या पाण्यात प्रतिलिटर ३०० मिलिग्रॅम क्षार असतील आणि आतील कमाल मर्यादा ३,००० मिलिग्रॅम असेल, तर दर १० टन पाण्यामागे १ टन पाणी सोडावे लागते. यांपैकी ९० टक्के पाणी वापरलेल्या वाफेपासून परत मिळालेले, म्हणजे जवळजवळ क्षारमुक्त असेल, तर केवळ १०० किलो पुरते. १० बार दाबाच्या बॉयलरमधील पाणी सुमारे १८० अंश सेल्सिअस तापलेले असते. ते गरजेपेक्षा अधिक सोडल्यास त्यासाठी जाळलेले इंधनही वाया जाते.

पाण्याचा कठीणपणा मात्र सॉफ्टनरद्वारे आधीच काढावा लागतो. सॉफ्टनर निकामी असल्यास केवळ ब्लोडाउनने नळ्यांवरील थर रोखता येत नाही. हा थर उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही. परिणामी धातू अतितप्त होऊन नळी फुटू शकते. त्यामुळे प्रत्येक पाळीत पाण्याची तपासणी करून त्यानुसारच ब्लोडाउनचे प्रमाण ठरविणे आवश्यक असते.