खाऱ्या टाकीतले शेवाळ: शिकण्याजोगा धंदा

केळशीच्या तरुणाला समुद्राचे पाणी नवे नाही. पण तेच पाणी काचेच्या टाकीत कोंडले की वेगळे वागते. मुंबई-पुण्याकडे अशी टाकी हौसेने ठेवणारे शेवाळ धरले की साफ करणारा शोधतात. हे काम आपल्या मुलांनी शिकावे, असे आम्हाला वाटते. घाई केली तर मात्र हजारो रुपयांचे मासे मरतात आणि गिऱ्हाईक कायमचे तुटते.

उरलेले खाद्य कुजून नायट्रेट व फॉस्फेट साठतात, त्यावर शेवाळ पोसते. टाकी कधीही पूर्ण रिकामी करू नये. पंप बंद करून शेवाळ हाताने उपटावे व नळीने ओढून घ्यावे. दगड बादलीतल्या खाऱ्या पाण्यात घासावेत, साबण अजिबात नको. फिल्टरचा स्पंजही टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाच्या क्लोरीनने उपयोगी जिवाणू मरतात. एका वेळी पाचव्या हिश्शाहून जास्त पाणी बदलू नये. नव्या पाण्यात मीठ लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास असावे. पावसाळ्यात खाडीच्या मुखाचे पाणी गोडसर होते, ते घेऊच नये.

मजुरी एका फेरीची न ठरवता महिन्याची ठरवावी. खाद्य कमी झाले नाही तर शेवाळ परत येते, आणि खाद्याचा डबा मालकाच्या हातात असतो.