भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग घरच्या घरी

भजनाच्या रेकॉर्डिंगसाठी नाशिकला द्वारका चौकात उतरून स्टुडिओ शोधायची गरज आता राहिली नाही, मंडळी. घरच्या संगणकावर ‘ऑडॅसिटी’ हे फुकट सॉफ्टवेअर टाका. आवाज घुमवणारे, खरखर काढणारे प्लगइन त्यात चालतात. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली व्हीएसटी पद्धत आणली, तेव्हापासून मोठ्या यंत्रांचं काम संगणकातच होऊ लागलं. तरी पंखा बंद ठेवा, भिंतींना गोधड्या टांगा. घरघर शिरल्यावर ती पुरती निघत नाही.

वाद्यांचेही प्लगइन मिळतात. पण गजर चढला की लय कधी वाढवायची, हे पखवाजवाल्यालाच कळतं, त्याला बोलवाच. आणि ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेब, चोरीचे प्लगइन पंचायतीच्या संगणकावर कुणाला टाकू देऊ नका. व्हायरस शिरला तर गावाचे दाखले अडकतील.