आधी पायथा बघा

वणी-चंद्रपूरकडच्या माणसाला मातीच्या ढिगाऱ्यांचं नवल नाही. उघड्या खाणीतून कोळसा काढायचा तर वरची माती, मुरूम, खडक आधी उकरून बाजूला टाकावा लागतो. खाणीवाले त्याला ‘ओबी’ म्हणतात. सर्व्हेअर म्हणून माझी नोकरी गेली ती या ओबीची उंची आणि उतार मोजण्यात. हाताखाली आलेली नवी पोरं यंत्र घेऊन थेट माथ्यावर चढायची. मी त्यांना खाली बोलवायचो. ढिगाऱ्याची तब्येत पायथ्याशी कळते.

मे महिन्यात सगळं रान करपलेलं असताना ढिगाऱ्याच्या पायाशी लव्हाळा तरारलेला दिसला, तर आत पाणी आहे हे समजून चालायचं. झिरपणारं पाणी नितळ असेल तर एक वेळ ठीक. गढूळ असेल तर ते आतली बारीक माती घेऊन निघालंय, ढिगारा पोखरतोय. पायथ्याची जमीन फुगून पुढे आलीय आणि माथ्यावर काठाला धरून भेगा पडल्यात, असं दिसलं की आधी माणसं हलवायची, मोजमाप नंतर.

पाण्याने असं होतं तरी काय? ढिगारा उभा राहतो तो कणाकणांतल्या घर्षणावर. वरचं वजन कणांना एकमेकांवर दाबतं. दाब जितका जास्त तितकी पकड घट्ट. मधल्या पोकळ्यांत पाणी भरलं आणि त्याला बाहेर पडायला वाट नसली, की त्या वजनाचा काही भार पाणीच उचलतं. कण पूर्वीसारखे एकमेकांवर रेलत नाहीत आणि पकड सुटते. नदीकाठी ओलसर रेतीचा किल्ला उभा राहतो, पण तीच रेती पाण्यात बुडाली की पसरते, तसाच हा प्रकार. सैल टाकलेला बारीक माल तर जरा हलला तरी दबायला बघतो. आतल्या पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही आणि घट्ट वाटणारा ढिगारा क्षणात पातळ होऊन वाहू लागतो.

वेल्समधल्या अ‍ॅबरव्हॅन गावावर हेच कोसळलं. मर्थर व्हेल खाणीचा सात नंबरचा ढिगारा १९५८ पासून गावामागच्या डोंगरउतारावर रचला जात होता. तिथला वालुकाश्म पाणी मुरवणारा; डोंगरावर पडलेला पाऊस खाली झरे होऊन फुटायचा. ढिगारा नेमका त्या झऱ्यांवर बसला. त्यात कोळसा धुतल्यावर उरणारा बारीक गाळही टाकला गेला. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी वरच्या कामगारांना माथा काही फूट खचलेला दिसला. सव्वानऊच्या सुमारास सुमारे चौतीस मीटर उंचीचा ढिगारा सुटला आणि पँटग्लास शाळेवर आणि शेजारच्या घरांवर आला. १४४ माणसं गेली; त्यांतली ११६ मुलं होती.

राष्ट्रीय कोळसा मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रोबेन्स आधी म्हणाले, झऱ्याची कुणाला कल्पनाच नव्हती. पण ते झरे सरकारी नकाशावर छापलेले होते, गावकऱ्यांनाही ठाऊक होते. हाच ढिगारा १९६३ मध्येही एकदा घसरला होता. चौकशी न्यायाधिकरणाने १९६७ मध्ये मंडळालाच दोषी धरलं आणि १९६९ मध्ये ढिगाऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. तरी फेब्रुवारी २०२० च्या वादळी पावसात टायलर्सटाऊनला जुना ढिगारा घसरलाच. मग वेल्सभर मोजणी झाली, तेव्हा बंद पडलेले अडीच हजारांहून अधिक ढिगारे यादीत आले. २०२५ मध्ये अशा सोडून दिलेल्या ढिगाऱ्यांसाठी तिथे नवा कायदा मंजूर झाला.

आपल्याकडे डोंगर नाही, सपाट खोरं आहे. पण पाणी आहेच. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरांवर कामठी वालुकाश्म पसरलाय आणि त्यात भरपूर पाणी असतं. खाण चालू असते तेव्हा पंप रात्रंदिवस ते उपसतात, आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाते. खाण बंद झाली की पंप थांबतात आणि पाणी हळूहळू आपल्या जुन्या पातळीवर यायला लागतं. खड्ड्यातच रचलेला ढिगारा मग खालून भिजतो. वर्षानुवर्षं कोरडा राहून उभा असलेला भराव पहिल्यांदाच ओला होतो, तोही देखरेखीची माणसं निघून गेल्यावर. त्यात ढिगाऱ्याखालची काळी माती आधी काढून घेतलेली नसेल, तर भिजल्यावर ती मऊ पडून पायाच सरकतो.

आपल्या नियमांत ढिगाऱ्याचा उतार साडेसदतीस अंशांपेक्षा जास्त नसावा असं आहे. ते योग्यच. पण कोरडा उभा राहणारा उतार भिजल्यावर उभा राहीलच असं नाही. म्हणून बंद खाणीतही पायथ्याचे चर मोकळे ठेवणं, निरीक्षण विहिरींत पाण्याची पातळी बघत राहणं, पावसाळ्यात ढिगाऱ्याभोवती फेरी मारणं, ही कामं चालूच राहायला हवीत. खाण बंद झाल्यावर ढिगाऱ्याच्या पायाशी नेमाने जाणारा माणूस बहुधा गुराखीच. नवा झरा कुठे फुटला हे सगळ्यांत आधी त्यालाच दिसतं. त्याचं ऐकून तारीख-जागेसकट नोंद करणारा माणूस नेमा, आणि ती वही खाणीच्या नकाशाबरोबर जपा.